दिसलं का?

फुकट म्हटलं की आमच्या गल्लीत आधी संशय येतो. डेअरीशेजारच्या बंद शटरसमोर एक माणूस शनिवारी संध्याकाळी दुर्बीण लावून "या, शनी बघा, पैसे नाहीत" म्हणायला लागला, तेव्हा हा शेवटी विमा काढणार की वॉटर प्युरिफायर, एवढीच चर्चा होती. दुर्बीणकाका दोन्ही विकत नाहीत. ते फक्त तुम्ही खरोखर पाहिलंत की नाही याची तोंडी परीक्षा घेतात, आणि ती विम्यापेक्षा महागात पडते.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले. उभी नोकरी लोकांच्या घरी उजेड पोचवण्यात गेली आणि आता अंधार मागत हिंडतात, हे कुणी दाखवून दिलेलं त्यांना आवडत नाही. दुर्बीण घरची आहे. आठ इंची आरसा त्यांनी हाताने घासला: काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती गोल फिरत खर्र खर्र. वर पिठाची गिरणी निघाली, अशी खालच्या मजल्याने सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती. बैठकीसाठी प्लायवुडचं खोकं करताना सुताराने यात कपडे घड्या घालून ठेवणार की टांगून, एवढंच विचारलं.

या लाकडी बैठकीचे जनक जॉन डॉब्सन. कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठात ते तेवीस वर्षं संन्यासी होते. दुर्बिणी करायच्या आणि रस्त्यावर नेऊन लोकांना आकाश दाखवायचं, या नादात मठातली गैरहजेरी वाढली आणि १९६७ मध्ये त्यांना मठाबाहेर काढलं. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर दुर्बिणी लावणाऱ्यांची मंडळी उभी राहिली. ही गोष्ट काका फार रंगवून सांगतात. फक्त 'बाहेर काढलं' म्हणताना एकदा काकूंकडे बघून घेतात.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ लोकांना वांगणीच्या अंधारात रात्रभर नेऊन बसवतं. काकांना दोन्हींबद्दल आदर आहे. पण जो आपण होऊन वांगणीला जातो त्याला पटवायचं काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं. "मला दही आणायला निघालेला माणूस पाहिजे."

दहीवाले मिळतात भरपूर. रांग काकू सांभाळतात. "चष्मा असू दे. नळीला हात नको. एक डोळा मिटा. तो नाही हो, दुसरा." मग हमखास आरोळी येते, "काका, गेला!" काका सरसावतात. "तो कुठे जातोय? आपण फिरलो!" पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे दोनेक मिनिटांत शनी भिंगाबाहेर. काका नळीला बोटाने टिचकी देतात आणि त्याला परत आत घेतात.

खरा प्रसंग पुढेच असतो. माणूस डोळा काढतो आणि सभ्यपणे म्हणतो, "दिसलं."

"काय दिसलं?"

"शनी."

"कसा होता?"

"छान होता."

"रेघ आडवी होती की तिरकी?"

इथे भले भले गडगडतात. "पुन्हा रांगेत," काका म्हणतात. दह्याची पिशवी धरलेले एक निवृत्त मुख्याध्यापक असे दोनदा मागे पाठवले गेले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना विद्यार्थ्यांची दया आली असावी.

२०२५ साल काकांना फार जड गेलं. मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर धारेवर दिसण्याच्या बेतात आली, आणि दिवाळीनंतरही ती बारीक रेघेपलीकडे उघडली नव्हती. "पुस्तकात तर केवढी मोठी असते," रांगेतून तक्रार आली. "फुकटात एवढंच यायचं," दुसऱ्याने समजूत घातली. दर पंधराएक वर्षांनी असं होतं, हे काका घसा कोरडा करून सांगत होते. पूर्ण उघडी कडी कधी, तर २०३२ मध्ये. एका आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि "बघू," म्हणून ते निघून गेले.

"साडेसाती चालू आहे, बघितलं तर चालेल ना?" हा प्रश्नही ठरलेला. दुसऱ्या कुणी अंधश्रद्धेवर भाषण झोडलं असतं. काका गणित घालतात. सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, राशी बारा, म्हणजे राशीला सुमारे अडीच वर्षं आणि तीन राशींना साडेसात. "हिशेब बरोबर आहे. फक्त तुमचं नाव त्याला माहीत नाही." तरी बायका चपला काढूनच पुढे येतात. नमस्कार लांबून केला तर काकांची हरकत नसते. आता दिसतोय तो सव्वा तासापूर्वीचा शनी, प्रकाशाला यायला तेवढा वेळ लागतो, असं त्यांनी सांगितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे शिळा!" त्या दोन फेऱ्यांचा वचपा होता तो.

मग भावी नगरसेवक आले. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि "अप्रतिम" म्हणाले. चार कार्यकर्तेही अप्रतिम म्हणाले. त्यांतल्या दोघांनी अजून बघितलं नव्हतं. काकांनी या एकाच माणसाची परीक्षा घेतली नाही, कारण काम होतं. "साहेब, इथल्या दिव्याचं तेवढं काहीतरी करा."

साहेबांनी केलं. पंधरा दिवसांत तिथे हायमास्ट उभा राहिला, आणि 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असा हात जोडलेल्या फोटोचा फलक. चंद्र आणि शनी त्या उजेडातही तग धरून आहेत. देवयानी दीर्घिका मात्र गेली. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला प्रकाश आमच्या डेअरीपाशी येऊन बुडाला.

काकांनी अर्ज केला: दिवा काढू नये, फक्त वरून टोपी बसवावी, म्हणजे उजेड खाली पडेल, आकाशात सांडणार नाही. आयुष्यभर असे अर्ज फेटाळलेल्या माणसाने लिहिलेला अर्ज तो. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. महिन्याने उत्तर आलं. सदर खांब बागेच्या कुंपणालगत असल्याने आपला अर्ज उद्यान विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.

काकांनी ते दोनदा वाचलं, जावक क्रमांक तपासला आणि म्हणाले, "मसुदा उत्तम आहे."