तीन लाखांनी पाहिलं

महाराष्ट्रात लाखाच्या वर सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत आणि प्रत्येकीत एक खजिनदार असतो. तो बहुधा निवृत्त असतो, बँकेतून नाहीतर एमएसईबीतून. ३१ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात त्याच्याशी नीट बोलता येत नाही, कारण हिशेब, ऑडिट आणि वार्षिक सर्वसाधारण सभा एकामागोमाग एक त्याच्या मानगुटीवर बसलेली असतात. या माणसाचं काम हलकं करणारं एक सॉफ्टवेअर आमच्या भाच्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी केलं. मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सिंकिंग फंड, फ्लॅट भाड्याने देणाऱ्याकडून घ्यायचं नॉन-ऑक्युपन्सीचं १० टक्के, सगळं एका जागी. सॉफ्टवेअर चांगलं आहे. मामा म्हणून म्हणत नाही. आमच्या सोसायटीचे खजिनदार ते वापरतात आणि अजून त्यांनी तक्रारीचं पत्र लिहिलेलं नाही.

आता ते विकायचं कसं? रोज संध्याकाळी एकेका सोसायटीत जावं, पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं, खजिनदारांच्या गुडघेदुखीची चौकशी करावी आणि मग लॅपटॉप उघडावा, हा एक मार्ग होता. पण त्याला 'स्केल' नाही, असं तिघांचं एकमत झालं. त्यांच्या इन्क्युबेटरमधल्या मार्गदर्शकांनीही बजावलं की संस्थापकाने प्रॉडक्ट बघावं, मार्केटिंग बाहेर द्यावं. तिघेही इंजिनियर. अख्खा सर्व्हर रातोरात दुसरीकडे हलवायला ते एका पायावर तयार असतात, पण अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की प्रत्येकाला दुसरं काहीतरी अर्जंट काम आठवतं. सल्ला त्यांना लगेच पटला.

एजन्सी बाणेरला सापडली. नाव सांगत नाही. बाणेरला कुठल्याही इमारतीत शिरा, तीच निघेल. काचेचं ऑफिस, भिंतीवर निऑनच्या दिव्यात इंग्रजी सुविचार, कोपऱ्यात बीनबॅग आणि बीनबॅगवर झोपलेला कुत्रा. सादरीकरणाला जातीने मालक आले. त्यांनी पडद्यावर एक मोठा फनेल काढला. वरून लाखो लोक ओतायचे, ते खाली सरकत सरकत येतात आणि शेवटी ग्राहक होऊन बाहेर पडतात. वरचं तोंड किती रुंद करता येईल यावर मालक तासभर बोलले. खालच्या टोकाविषयी स्लाइड नव्हती. त्या दिवसानंतर मालकांचं दर्शन झालं ते थेट बिलाच्या भांडणात.

प्रत्यक्ष काम आलं एका 'अकाउंट मॅनेजर' मुलीकडे. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण तिच्याकडे एकाच वेळी एक डेंटिस्ट, मिसळीची एक साखळी, केसगळतीचं एक तेल आणि आमचा भाचा असे चार जण सोपवलेले होते. एकदा भाच्याच्या पानावर 'रूट कॅनलवर खास सवलत' अशी पोस्ट पडली. त्या तिमाहीत सगळ्यांत जास्त प्रतिसाद त्याच पोस्टला मिळाला. दोघांनी तर अपॉइंटमेंट मागितली.

फीचा हिशेब साधा होता. दरमहा ठरावीक रक्कम, शिवाय जाहिरातींवर जेवढा खर्च होईल त्याचे १५ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. १५ टक्क्यांची रीत जुनी आहे, आम्हा वर्तमानपत्रवाल्यांच्या जाहिरातींतूनच ती पडली, तेव्हा तिच्याबद्दल जास्त बोलणं मला शोभणार नाही. एवढंच म्हणतो की रंगाच्या डब्यातलं कुपन रंगाऱ्याला मिळतं हे ज्याला माहीत आहे, त्याला भिंतीला तिसरा हात का लागला हे समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात 'कंटेंट कॅलेंडर'ने झाली. २० मार्चला जागतिक चिमणी दिन, म्हणून चिमणीच्या चोचीत कंपनीचा लोगो. २१ जूनला योग दिन, म्हणून लोगो शीर्षासनात. सर्वपित्री अमावास्येला 'आपणांस व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा'. वार्षिक सभेची मुदत संपते त्या ३० सप्टेंबरला राज्यातला प्रत्येक खजिनदार डोक्याला हात लावून बसलेला असतो. त्या दिवशी पानावर जागतिक अनुवाद दिन साजरा झाला. आणि ३१ मार्च, म्हणजे या माणसाच्या वर्षातला सर्वांत मोठा सण, कॅलेंडरमध्ये कोराच राहिला. एजन्सीच्या यादीत त्या दिवशी कसलाच 'डे' नव्हता.

जाहिराती कुणाला दाखवायच्या हे ठरवताना फेसबुकवर वय निवडलं गेलं १८ ते ३४, आवड तंत्रज्ञान आणि स्टार्टअप. म्हणजे विमाननगरात चौघांत एक फ्लॅट घेऊन राहणारी, आणि सोसायटीशी ज्यांचा संबंध रात्री वॉचमनने गेट न उघडण्यापुरता येतो अशी मंडळी. ६८ वर्षांच्या खजिनदारांना जाहिरात दिसण्याची सोयच ठेवली नव्हती. भाच्याने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, यंग ऑडियन्समध्ये रीच स्वस्त पडतो." पडतोच.

खरी बहार गूगलवर आली. तिथे आपण शब्द द्यायचे आणि ते शब्द शोधणाऱ्याला जाहिरात दिसते. त्यात 'ब्रॉड मॅच' नावाचा ऐसपैस प्रकार असतो; तो निवडला की शब्दाच्या आसपासचं जे जे कुणी शोधेल त्या सगळ्यांपुढे जाहिरात उभी राहते. नको असलेले अर्थ वगळायची एक यादीही करता येते. ती करायला माणसाला बसावं लागतं, म्हणून ती केली नव्हती. शब्द दिले होते दोन, 'सोसायटी' आणि 'मेंटेनन्स'. पैसे वाहू लागले, लीड्स म्हणजे चौकशा येऊ लागल्या आणि भाचा रोज संध्याकाळी फोन घेऊन बसू लागला. त्यातली एक संध्याकाळ मी शेजारी बसून ऐकली आहे.

"नमस्कार, आपण सोसायटीसाठी चौकशी केली होती ना?"

"व्हय, केली की. सांगोल्यास्नं बोलतुय. कर्ज कधी माफ व्हनार ते सांगा."

"नाही काका, आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे."

"ते आमच्या सेक्रेटरीकडं बी आलंय. तवापासनंच घोळ हाय."

काकांचं काही चुकलं नव्हतं. पुण्या-मुंबईच्या हद्दीबाहेर सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सोसायटी, पीककर्ज देणारी. अशा देशभरातल्या ६३ हजार सोसायट्या संगणकावर आणायची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली, तेव्हा सॉफ्टवेअर हा शब्द तिथे आमच्या भाच्याच्या आधीच पोचला होता. दुसरा फोन एका बाईंना लागला.

"आमचे हे चौदा महिने झाले, मेंटेनन्स देत नाहीत," त्या म्हणाल्या.

भाच्याचा चेहरा खुलला. "ताई, थकबाकीदारांसाठी आपल्याकडे खास सोय आहे. दर महिन्याला त्यांना आपोआप रिमाइंडर जातं."

"अहो, कोर्टाला जुमानत नाहीत ते, तुमच्या रिमाइंडरला काय भीक घालणार?"

पोटगीचा मामला होता. त्यानंतर एकाला सोसायटी चहाची एजन्सी हवी होती, एकाला पतसंस्थेत अडकलेली ठेव. फेसबुकवरून आलेल्यांतले निम्मे म्हणाले, "मी कधी फॉर्म भरला?" त्यांचंही खरं होतं. तिथल्या फॉर्मात नाव आणि फोन नंबर आधीच भरलेले येतात. वर सरकवताना अंगठा जरा घसरला की माणूस लीड होतो.

महिनाअखेरीला मात्र या सगळ्यांची एक देखणी पीडीएफ होऊन येई. हिरवे बाण वर जाणारे, पहिल्या पानावर ठळक आकडा: तीन लाख लोकांनी पाहिलं. सांगोल्याचे काका, पोटगीवाल्या ताई, चहावाले, अंगठा घसरलेले, सगळे त्यात एका रांगेत 'क्वालिफाइड' होऊन बसलेले. व्हिडिओ पाहणाऱ्यांचा आकडा वेगळा. फेसबुकच्या हिशेबी तीन सेकंद म्हणजे एकदा पाहणं. एवढ्या वेळात आमचे खजिनदार चष्मासुद्धा लावून होत नाहीत. शिवाय लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात हे आपण दोन वर्षं फुगवून सांगत होतो, अशी कबुली खुद्द फेसबुकने २०१६ मध्ये दिलेली आहे. फेसबुकचंच गणित असं, तर बाणेरच्या पोरांना काय म्हणायचं?

एका शब्दाची कामगिरी मात्र दर महिन्याला अव्वल असे. तो शब्द म्हणजे भाच्याच्या कंपनीचं नाव. एजन्सी म्हणाली, बघा, लोक आता तुम्हाला नावाने शोधू लागले. कोण शोधतंय हे आम्हाला घरबसल्या कळलं. आमचे खजिनदार पत्ता लक्षात ठेवत नाहीत. रोज सकाळी ते गूगलवर कंपनीचं नाव टाकतात, सगळ्यात वर जे दिसेल त्यावर बोट ठेवतात आणि कामाला लागतात. वर असायची जाहिरात. म्हणजे वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसलेला ग्राहक रोज दारातून आत आला की भाचा गूगलला पैसे देत होता आणि त्यावर एजन्सीला १५ टक्के. २०१२ मध्ये ईबे या बड्या अमेरिकी कंपनीने आपल्याच नावावरच्या अशा जाहिराती बंद करून पाहिल्या, तर ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यांवरून येतच राहिले. भाच्याने हे दाखवलं. उत्तर तयार होतं: "सर, आपण आपलं नाव नाही घेतलं तर कॉम्पिटिटर घेईल." आपल्याला कॉम्पिटिटर आहे याचा भाच्याला केवढा अभिमान वाटला!

आणि विक्री? त्याला एक राखीव उत्तर होतं. "सर, कॅम्पेन अजून लर्निंग फेजमध्ये आहे." ही थाप नव्हे. फेसबुकची यंत्रणा जाहिरात कुणाला दाखवायची हे आधी शिकते, आणि शिकून व्हायला तिला आठवड्यात साधारण ५० तरी यशस्वी प्रतिसाद लागतात. मध्ये कुणी मोठा फेरबदल केला की शिक्षण पुन्हा पहिलीपासून. भाच्याला महिन्यातही ५० मिळत नव्हते आणि एजन्सी दर सोमवारी फेरबदल करत होती. तेव्हा यंत्रणा अखंड शिकत राहिली. फी शिकवणीचीच होती, फक्त विद्यार्थी भलताच होता.

ग्राहक आलेच नाहीत असं नाही. सदाशिव पेठेतले एक ऑडिटर चाळीसेक सोसायट्यांचं ऑडिट करतात. आमच्या सोसायटीचे हिशेब त्यांना पहिल्यांदाच एका बैठकीत जुळलेले दिसले. त्यांना आधी संशय आला आणि मग कुतूहल. पुढच्या सोसायटीत गेल्यावर खतावणीतली खाडाखोड बघून ते खेकसले, "त्या पोरांचं काहीतरी आहे, ते घ्या बुवा!" असे खेकसत खेकसत त्यांनी भाच्याला जे गिऱ्हाईक मिळवून दिलं ते आजही टिकून आहे. ऑडिटरसाहेब फेसबुकवर नाहीत. तरी पुढच्या पीडीएफमध्ये ही विक्री 'कॅम्पेनमुळे वाढलेलं वर्ड ऑफ माउथ' या मथळ्याखाली जमा झाली.

शेवटी भाच्याने करार मोडला आणि मग कळलं की जाहिरातीचं खातं एजन्सीच्या नावावर आहे, पानाचा ताबा एजन्सीकडे आहे आणि पासवर्ड बदलायला लागणारा ओटीपी नोकरी सोडून बंगळूरला गेलेल्या एका मुलाच्या फोनवर येतो. मालक भेटले, गोड बोलले. थकीत बिल आणि गूगलवर पाच तारे, एवढं झालं की सगळं परत. भाच्याने पाच तारे दिले. खाली लिहिलं, 'खूप शिकायला मिळालं.'

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण या काळात भाच्याने लीड्सना कितीही शिव्या घातल्या तरी पीडीएफचं पहिलं पान दर महिन्याला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं त्याने सोडलं नव्हतं, आणि त्याच्या आईने त्याला अंगठा द्यायचं. ते पान आता गुंतवणूकदारांना दाखवायच्या डेकमध्ये गेलं आहे. हिरवे बाण तसेच, तीन लाखांचा आकडा जरा मोठ्या टाइपात. गेल्या आठवड्यात मुंबईत बैठक झाली. समोरच्या गृहस्थांनी आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, या तीन लाखांतले पैसे भरणारे किती?

"सर," भाचा म्हणाला, "सध्या आमची लर्निंग फेज चालू आहे."