माहिष्मतीच्या सोलापूर शाखेच्या मानद परीक्षकांस

प्रति,
मा. परीक्षक महोदय,
माहिष्मती साम्राज्य, सोलापूर शाखा,
मुक्काम पार्क चौकातली चहाची टपरी.

विषय : ‘खरा चाहता’ हा दाखला नाकारल्याबद्दल जाहीर आभार.

सा. न. वि. वि.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दोन्ही भाग कापून-जोडून केलेला ‘बाहुबली : द एपिक’ थिएटरांत लागला आणि आपलं बंद पडलेलं कार्यालय पुन्हा उघडलं, ही शहराच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. मधली काही वर्षं सोलापुरात खरा चाहता कोण आणि नुसताच तिकीट काढून आलेला कोण, हे ठरवायला अधिकारी माणूस उरला नव्हता. लोक सिनेमा बघायचे, शिट्ट्या मारायचे, घरी जायचे. चौकशी नाही, तपासणी नाही. अशाने साम्राज्यं टिकतात होय?

आपली पद्धत मी जवळून पाहिली आहे. समोरचा हौसेने म्हणतो, ‘आपल्याला बाहुबली लई आवडतो.’ आपण चहाचा ग्लास खाली ठेवता. ‘आवडतो? बरं. देवसेनेचा तो भित्रा नातलग, त्याचं नाव सांग बे.’ तो बिचारा त्या भित्र्याचं थरथरणं, मग त्याच्या अंगात एकदम शिरलेलं बळ, सगळं हातवारे करून दाखवतो. आपण मान हलवता. ‘नाव!’ नाव कुमारवर्मा. त्याला ते येत नाही. म्हणजे तो प्रसंग त्याने पाहिला, त्यावर टाळ्या वाजवल्या, घरी येऊन धाकट्या भावाला करून दाखवला, हे सगळं आपल्या दप्तरी शून्य.

मग किलिकी. कालकेयांच्या तोंडी असलेली ही भाषा मदन कार्की यांनी चित्रपटासाठी रचली, तेव्हा तिच्यात साधारण साडेसातशे शब्द होते, हे आपल्यामुळे पार्क चौकात आता सर्वांना पाठ झालं आहे. त्या साडेसातशेंपैकी एकही शब्द आपल्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. पण परीक्षकाला भाषा यावीच असा नियम कुठे आहे? आकडा आला म्हणजे पुरे.

एका बाबतीत मात्र आपल्या न्यायबुद्धीचं विशेष कौतुक करायला हवं. मुलांना आपण दोन-तीन प्रश्नांवर सोडता. कॉलेजातली एखादी मुलगी ‘मला बाहुबली आवडतो’ म्हणाली की तिच्यासाठी अख्खा अभ्यासक्रम काढता. भल्लालदेवाच्या फिरत्या पात्यांच्या रथापासून कटप्पाच्या पूर्वजांच्या शपथेपर्यंत. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली तर ‘भावाने पढवलं असेल’ असा शेरा मारता. आपण इतके जाणकार, म्हणून एक नम्र आठवण : मंदिराच्या रांगेत बायकांच्या अंगाला हात लावणाऱ्या सेतुपतीच्या बोटांचं देवसेनेने काय केलं, ते आपल्याला नक्कीच ठाऊक असेल. प्रश्न विचारताना बोट तेवढं सांभाळून रोखावं.

आता शहराच्या पूर्व भागाकडे वळू. आपण तिकडे शाखा काढली नाहीत, हे बरं केलंत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणातून आलेली विणकर माणसं राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि यंत्रमागाच्या खडखडाटात दोन्ही ओरडून. तिथे विड्या वळता वळता एखादी आजी अख्खा सिनेमा मूळ भाषेतल्या संवादांसकट म्हणून दाखवेल, आणि आपण तिला विचाराल, ‘प्रभासला आवाज कोणाचा?’ ती म्हणेल, ‘प्रभासचाच की.’ आपल्या उत्तरपत्रिकेत तर शरद केळकर लिहिलेलं, कारण आपण जी माहिष्मती पाठ केली ती हिंदीत डब झालेली. नापास कोणाला करायचं? जाता जाता, आपल्या यादीत नसलेला एक मासला देऊन ठेवतो. बाहुबलीला हिंदीत आवाज देणारे केळकर आणि मराठीत आवाज देणारे अमोल कोल्हे, दोघांनीही शिवाजी महाराजांची भूमिका केलेली आहे. उद्यापासून खुशाल विचारा. निदान ऐकणाऱ्याला काहीतरी मिळेल.

महोदय, आपल्या कार्यालयाच्या स्थापनेचा इतिहास मी थोडा तपासला. १० जुलै २०१५ रोजी पहिला भाग आला, २८ एप्रिल २०१७ रोजी दुसरा. मधले एकवीस महिने आणि वर काही दिवस या देशाला एकच प्रश्न होता, कटप्पाने बाहुबलीला का मारलं? आणि त्या काळात आपण कुठेच नव्हता! कसे असाल? उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत ज्याचा-त्याचा तर्क होता आणि प्रत्येक तर्काला कान होता. कोणी म्हणे कटप्पा फितूर, कोणी म्हणे बाहुबलीनेच त्याला तसं सांगितलं असणार, कोणी म्हणे तो मेलाच नाही. अनोळखी माणसं सलूनमध्ये अर्धवट दाढीनिशी वाद घालत. मग २०१७ च्या उन्हाळ्यात उत्तर आलं : शिवगामीची आज्ञा आणि गुलामाचं वचन. त्या शुक्रवारी संध्याकाळी तर्क संपले आणि परीक्षकांच्या नेमणुका झाल्या. ज्याने पहिला शो पाहिला, तो दुसऱ्या शोच्या रांगेतल्या लोकांहून मोठा झाला.

बरं, उत्तर तरी पक्कं असतं का? ‘एपिक’मध्ये दिग्दर्शक राजामौलींनी स्वतःच्या हाताने अवंतिकेच्या प्रेमकथेला कात्री लावली आणि सगळं पावणेचार तासांत बसवलं. म्हणजे आज पहिल्यांदाच माहिष्मतीत पाऊल टाकणाऱ्या पोराला आपण अवंतिकेबद्दल जे विचारता, ते राजानेच दप्तरातून काढून टाकलेलं आहे. ही जुनी गंमत आहे. कल्पित विश्वांच्या जगभरच्या पंडितांचे आजोबा टॉल्किन. त्यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये बिल्बो आणि गॉलम यांचा कोड्यांचा सामना आहे. पहिल्या आवृत्तीत गॉलम हरल्यावर सरळपणे वाट दाखवतो. पुढच्या कथेला ते जुळेना, म्हणून टॉल्किननी १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरणच बदललं आणि गॉलम जिवावर उठला. पहिली आवृत्ती वाचलेला म्हातारा आणि दुसरी वाचलेला तरुण आपल्यासमोर बसले तर आपण कोणाला बाद कराल? शिवाय तो सामना बिल्बो जिंकतो तो ‘माझ्या खिशात काय आहे?’ असं विचारून. ते कोडं नव्हेच, सरळसरळ अन्याय. तरीही ऐंशी-नव्वद वर्षं लोक त्याच्या बाजूने आहेत.

पण मला आपल्याशी बोलायचं आहे ते खरं तर बिज्जलदेवाबद्दल. भल्लालदेवाचा बाप, अधू हाताचा, सिंहासन हुकल्याचं विष आयुष्यभर चघळणारा. त्याचा कोणता हात अधू, हा आपला लाडका प्रश्न. आता पाहा. पार्क चौकातून निघून मंगळवेढ्याला जायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आज मंगळवेढा म्हटलं की आपल्याला ज्वारी आठवते, फार तर दामाजीपंत. बाराव्या शतकात तिथे कलचुरी घराण्याचे मांडलिक बसत होते आणि त्यांच्यातल्या एकाने पुढे चालुक्यांचं कल्याणच बळकावलं. त्याचं नाव बिज्जळ. याच कलचुरींच्या उत्तरेतल्या जुन्या शाखेची राजधानी माहिष्मती होती, असं पुष्कळ इतिहासकार मानतात. आणि ती माहिष्मती म्हणजे नर्मदेकाठचं महेश्वर, असंही बहुतेकांचं मत. अहिल्याबाईंची राजधानी, विणकर वसवून साड्यांना नाव मिळवून देणारी. त्याच अहिल्याबाईंचं नाव आपल्या विद्यापीठाला २०१९ साली दिलं. चित्रपटवाल्यांनी नावं कुठून उचलली, त्यात मी शिरत नाही. पण माहिष्मतीची हद्द आपल्याला वाटते तिथे संपत नाही, एवढं खरं.

आता मजा अशी की या खऱ्या बिज्जळाबद्दलही एक प्रश्न आहे : त्याला कोणी मारलं, आणि का? बसवेश्वर त्याच्याच दरबारात होते. कल्याणला त्यांच्या अनुयायांची, म्हणजे शरणांची, चळवळ उभी राहिली, राजाशी तिचा संघर्ष झाला आणि ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळ गेला. पाल्कुरिकी सोमनाथांचं बसवपुराण, तेही तेलुगूतच लिहिलेलं, एक हकीकत सांगतं. जैन परंपरेतलं बिज्जळाचं चरित्र दुसरीच सांगतं. इतिहासकार तिसरीकडे बघत खाकरतात. कटप्पाचं कोडं एकवीस महिने टिकलं. हे साडेआठशे वर्षं टिकलं आहे आणि दुसरा भाग येण्याची शक्यता दिसत नाही. हे सांगून मी आपली परीक्षा घेत नाही, घाबरू नका. घ्यायला माझ्याकडे उत्तर कुठाय?

खरं तर परीक्षा घेण्याला माझा विरोध नाही. सोलापूरकराने तो करणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. पेशवाईच्या उतरत्या काळात या गावात रामजोशी झाले. घरी पुराण-कीर्तनाचा व्यवसाय, थोरले भाऊ मुद्गल जोशी नावाजलेले पुराणिक, आणि हा पोरगा तमासगिरांच्या फडात. घराबाहेर काढलं गेलं. मग पंढरपूरला जाऊन शास्त्रं शिकला, कीर्तनं केली आणि पुन्हा फडाकडेच वळला. बारामतीचे मोरोपंत, आर्यांचे सम्राट, यांनी त्याच्या कवित्वाची कदर केली. ‘तमाशातला आहेस, आधी पुराणांची नावं ओळीने म्हण’ असं त्यांनी म्हटल्याची नोंद नाही. १९४७ साली राजकमलने त्याच्यावर चित्रपट काढला, जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया, तेव्हा मागासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचं आणखी एक नाव महाराष्ट्रभर झालं.

आणि शाहिरांची परीक्षा काय साधी असायची? कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. समोरासमोर दोन फड. एकाने पुराणातलं कूट घालायचं, दुसऱ्याने ते सोडवून उलट घालायचं. यालाच भेदिक म्हणत. पण सवाल कवनात रचावा लागे, चालीवर गावा लागे, डफ-तुणतुण्यावर उभा करावा लागे. ज्याला नुसतं ‘नाव सांग बे’ एवढंच येतं, त्याला लोकांनी पहिल्याच कवनाला खाली बसवलं असतं. आणि जवाब चांगला आला तर दाद देण्यात सवाल करणारा पुढे, कारण रात्र मोठी आणि प्रतिस्पर्धी मेला तर फड चालणार कसा? कोकणात अजून शक्ती-तुऱ्याचे सामने होतात, मुंबईच्या नाट्यगृहांत चाकरमानी तिकीट काढून बसतात. हरलेल्याला तिथे कोणी ‘तू खरा कोकणी नाहीस’ म्हणत नाही.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर आपल्या तळ्याकाठीच आहे. शून्यसंपादने या पंधराव्या शतकातल्या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू सोलापुरी येतात. सिद्धराम तळं खोदण्यात गुंतलेले. प्रभू त्यांना माती उपसणारा म्हणून हिणवतात, भोवतालचे चिडतात, दगड उचलतात. मग दोघांत तो प्रसिद्ध वाद होतो. प्रश्न असे की आपल्या तोंडचा चहा थंड व्हावा. आणि वाद संपल्यावर प्रभू काय करतात? सिद्धरामांना सोबत घेऊन कल्याणला निघतात. पुढे अनुभवमंटपाच्या शून्यसिंहासनावर सिद्धराम बसले, असं परंपरा सांगते. आजही सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची नावं ओळीने सांगता न येणाऱ्याला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसू देत नाहीत, असं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा महोदय, आपल्याला आव्हान देतो. आपण आणि आपल्या दाखल्यावाचून राहिलेले आम्ही, एक रात्र बसू. जागा आपण ठरवा, चहा आमचा, भडंग आणि शेंगा चटणी तर आमचीच. मात्र नियम शाहिरांचे. ज्याचा सवाल त्याने तो कवनात करायचा आणि गायचा. ज्याचं उत्तर स्वतः प्रश्नकर्त्यालाच ठाऊक नाही, अशा सवालाला जादा गुण. बिज्जळ चालेल, भल्लाल चालेल, ‘कटप्पाच्या जागी तू असतास तर?’ हे तर हवंच. पूर्व भागातल्या आजीबाई पंच. त्यांनी मान हलवली की डफ खाली.

आणि कालकेयांवर सवाल टाकायचाच असेल तर किलिकीत टाका. साडेसातशे शब्दांपैकी चार तरी पाठ करायला आपल्या हाती पुढच्या गड्ड्यापर्यंतचा वेळ आहे.

आपला नम्र,
कुमारवर्मा माहीत असलेला, पण आपल्यासमोर सेतुपतीवर अडकलेला
एक नापास प्रेक्षक
सोलापूर