भावी पीएच.डी.

माणसाच्या मेंदूत 86 अब्ज चेतापेशी असतात, ही माहिती न विचारता देणारा तरुण भेटला की खुशाल समजावं, याला अजून गाइड मिळालेला नाही. ज्यांना मिळाला ते असलं काही बोलत नाहीत. ते संधी मिळेल तिथे झोपतात. तुम्ही चुकून शंभर अब्ज म्हणालात तर हा चहाचा ग्लास खाली ठेवतो. तो आकडा जुना. 2009 साली ब्राझीलमध्ये नीट मोजदाद झाली आणि 86 भरल्या, असं सांगतो. सांगताना चेहरा असा, की मधल्या चौदा अब्ज याच्याच खिशातून गेल्या.

चौकातल्या फ्लेक्सवर जसा 'भावी नगरसेवक' असतो, तसा हा भावी पीएच.डी. एम.एस्सी. झालेली असते, नेट निघालेली असते, जेआरएफचं पत्र आईने लॅमिनेट करून कपाटात ठेवलेलं असतं. 2023 पासून ही फेलोशिप महिना 37,000 रुपये झाली, पण गाइडखाली नाव लागेपर्यंत त्यातला एक रुपया हातात पडत नाही. "म्हणजे पगार ठरलाय आणि नोकरी नाही?" असं आत्या विचारते. आत्याला विज्ञान कळत नाही, पण व्यवहार कळतो.

शेजारच्या काकूंना दोन्ही कळत नाही. मेंदूचं शिकतोय म्हटल्यापासून त्या याला आपली अर्धशिशी सांगतात. पहिल्या वर्षी तो "काकू, मी तसला डॉक्टर नाही" म्हणायचा. आता दिवसातून दोनदा पाणी जास्त प्या म्हणून सांगतो. काकूंना गुण आलाय.

रोगाचं मूळ बहुधा अकरावीत सापडतं. कुणीतरी याला मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांचं 'फँटम्स इन द ब्रेन' वाचायला दिलेलं असतं. कापून टाकलेला हात दुखतो, आणि एका खोक्यात साधा आरसा उभा केला की काही जणांचं ते दुखणं कमी होतं, हे वाचून पोराचं मेडिकलवरचं, इंजिनिअरिंगवरचं, सगळ्यावरचं मन उडतं. मेंदूविज्ञान म्हणजे एक खोका, एक आरसा आणि एक भन्नाट कल्पना, अशी त्याची तेव्हापासून समजूत. विषयही तेव्हाच ठरतो: जाणीव. 'मी' म्हणजे कोण, हे शोधायचं. ज्ञानेश्वरांपासून सगळे त्याच्या मागे होते, पण त्यांच्याकडे इलेक्ट्रोड नव्हते.

मग इमेल सुरू होतात. पहिली इमेल लिहायला महिना लागतो, पुढच्या चाळीस एका रात्रीत जातात. मजकूर तोच, वरचं नाव तेवढं बदलायचं. ते एकदा बदलायचं राहतं आणि मँचेस्टरच्या बाईंना "आदरणीय प्रोफेसर म्युलर" म्हणून पत्र पोचतं. उत्तर येतं, हे विशेष. बाई लिहितात, म्युलर यांना माझा नमस्कार सांगा.

हल्ली ही पत्रं यंत्राकडून लिहून घ्यायची सोय झाली आहे. त्यामुळे इंग्रजी सुधारलं आणि उत्तरं बंद झाली, कारण जगातल्या प्रत्येक होतकरूचा उत्साह आता अगदी एकाच शब्दांत प्राध्यापकांकडे पोचतो.

बरं, गाइड आधी की प्रवेश आधी, याचेही देशोदेशी वेगळे नियम. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी विभागात शिरायचं, मग वर्षभर दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करायचं, मग एकमेकांचं पटलं तर राहायचं. जर्मनीत आधी प्राध्यापक पटवायचा, नाहीतर मॅक्स प्लँकवाल्यांच्या संशोधनशाळेसारख्या ठिकाणी रीतसर अर्ज करायचा. आपल्याकडे मुंबईचं टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस अशा ठिकाणी परीक्षा आणि मुलाखत आधी, गाइड नंतर. तिथे सरांना कितीही गोड इमेल लिहा, उत्तर येतं 'प्रवेशप्रक्रियेतून या'. आणि विद्यापीठांत नेट नाहीतर पेट ही प्रवेशपरीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि मग रिकामी जागा असलेला गाइड हुडकायचा. भावी पीएच.डी. पद्धतशीरपणे उलटं करतो. जिथे आधी परीक्षा तिथे इमेल पाठवतो, जिथे आधी ओळख हवी तिथे नुसता अर्ज.

जागांचं गणित मात्र त्याला तोंडपाठ. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. निवृत्तीला तीन वर्षंही उरली नसतील त्यांनी नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. म्हणून कुठल्या सरांची निवृत्ती कधी, हे सरांच्या सौभाग्यवतींच्या आधी याला माहीत असतं. सभेत कुणाचा सत्कार चालला असेल, लोक टाळ्या वाजवत असतील, तेव्हा हा मागच्या रांगेत वजाबाकी करत असतो.

शिवाय आपल्या बहुतेक विद्यापीठांत मेंदूविज्ञान नावाचं दारच नाही. ते प्राणिशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या नाहीतर जैवतंत्रज्ञानाच्या दारातून आत जायचं असतं. एका प्राणिशास्त्राच्या सरांनी याला फार प्रेमाने बसवून घेतलं. "आमच्याकडे माशांच्या कल्ल्यांवर काम चालतं," ते म्हणाले. "पण माशाला मेंदू असतोच. तुम्ही या. कल्ल्यांकडून हळूहळू वर सरकू."

खरी गाठ पडते ती मुलाखतीत. समोर चार जण. विचारतात, प्रश्न काय तुमचा? हा सांगतो, जाणीव म्हणजे काय. चौघे माना डोलावतात. त्यातल्या मॅडम विचारतात, "छान. कुठल्या प्राण्यात?"

या प्रश्नाची तयारी कुणीच केलेली नसते. हा म्हणतो, "माणसात."

"मग डोक्यात इलेक्ट्रोड घालू द्यायला तयार असलेला माणूस पाहिलाय का कुणी?"

इथे त्याला पहिल्यांदा कळतं की या धंद्यात गाइड निवडणं म्हणजे पुष्कळ अंशी प्राणी निवडणं. कुणाकडे उंदीर, कुणाकडे झेब्राफिश, कुणाकडे सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. या कृमीला चेतापेशी मोजून 302. त्या एकमेकींना कशा जोडल्यात याचा नकाशा 1986 मध्येच छापून झाला, तरी त्याच्या मनात काय चाललंय ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. 302 ची ही कथा, तर 86 अब्जांचं काय, हे गणित त्या खोलीत चौघांना येतं. पाचव्याला यायला दोन वर्षं लागतात.

आणि मग, अखेर, कुणीतरी विचारतं, "माशी चालेल का?"

माशी म्हणजे फळमाशी, ड्रोसोफिला. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती. हिच्या जिवावर अनेक नोबेलं मिळाली आहेत. पण घरी हे कसं सांगायचं? आजी म्हणते, "माश्या मारायला एवढं शिकायला लागतं होय? तुझे आजोबा बिनपगारी मारायचे." आजीला सांगून उपयोग नाही, की मारायच्या नसतात, सांभाळायच्या असतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचा स्वयंपाक करायचा. कार्बन डायऑक्साइडने त्यांना गुंगी आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली चित्रकाराच्या बारीक ब्रशने एकेक बाजूला सारायची. संकरासाठी माद्या अस्पर्श लागतात, आणि कोशातून बाहेर आल्यावर मादी काही तासच तशी राहते. म्हणून पहाटे उठून बाटल्या तपासायच्या. "कुठे निघालास एवढ्या पहाटे?" या वडिलांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा मुलगा माझ्या तरी पाहण्यात नाही.

माशी नको म्हणून तो परत येतो आणि एक्सेल उघडतो. त्यात देशातले आणि परदेशातले मिळून सगळे संभाव्य गाइड. एच-इंडेक्स नावाचा संशोधकाच्या वजनाचा आकडा, ग्रँट कधी संपते, विद्यार्थी किती वर्षांत सुटतात, मधेच किती पळाले, रविवारी हजेरी लागते का, दुपारी डबे किती वाजता उघडतात, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून तो प्रत्येक नोंद दोन ठिकाणांहून पडताळतो. पळालेल्यांचं एक ऐकतो, टिकलेल्यांचं दुसरं, आणि दोन्हींवर सारखा अविश्वास ठेवतो. इतकं शिस्तीचं संशोधन मी पीएच.डी. झालेल्यांतही फार पाहिलेलं नाही. याच कामावर त्याला पदवी द्यायला काय हरकत आहे? गाइडांवरचं संशोधन पूर्ण झालंय, फक्त मेंदू राहिलाय.

त्याची चौकशी वेडगळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. पाच-सहा वर्षं एका माणसाच्या लहरीवर काढायची आहेत. ज्या प्रयोगशाळेत दुपारी एकलाही कुणाचा डबा उघडत नाही तिथे एच-इंडेक्स कितीही असो, जाऊ नये. त्या रकान्याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देतो.

पण त्या एक्सेलमध्ये एक रकाना नाही: या माणसाने लिहिलेलं मी वाचलंय का? टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकींकडे पीएच.डी. केलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचं उदाहरण इथे देण्यासारखं आहे. घराणं मूळ गोव्याचं, बालपण केनियात, पदवी डब्लिनची. सिद्दिकींचं जिवाणूंच्या जनुकांवरचं काम वाचून त्या 1970 च्या दशकात मुंबईला आल्या. तोवर सिद्दिकी जिवाणूंकडून माशीकडे वळले होते. बाईंनी माशीला वास आणि चव कशी कळते ते शोधायला घेतलं आणि पुढे त्यातच मोठं नाव झालं. आपल्या भावी पीएच.डी.ला हे सांगितलं की तो विचारतो, "तेव्हा सिद्दिकींचा एच-इंडेक्स किती होता?" एच-इंडेक्स 2005 साली निघाला, हे त्यालाही माहीत असतं.

सध्या आमच्या ओळखीतला असा एक जण जरा निवळला आहे. 'जाणीव' आता 'स्मृती' झाली, 'स्मृती'ची 'वासाची स्मृती' झाली, आणि परवा केळ्यावरच्या माशीकडे तो बराच वेळ बघत होता म्हणून आईने फोन करून कळवलं. वाचकांपैकी कुणी गाइड असाल आणि तुमच्या आठांतली, सहांतली, चारांतली एखादी जागा रिकामी असेल, तर जरूर कळवा. मुलगा कष्टाळू आहे, एक्सेल उत्तम येतं. प्राणी कुठलाही चालेल.