हसण्याची हजेरी

माणूस निवृत्त झाला की त्याच्या मनःस्वास्थ्याची काळजी घरात सगळ्यांना वाटू लागते. त्याला स्वतःला ती वाटत नसते, पण त्याला विचारतो कोण? मुलीने माझ्या फोनवर ध्यानाचे ॲप घालून दिले. त्यातली बाई म्हणते, विचार आले तर येऊ द्या आणि जाऊ द्या. माझे विचार आले, पण जाईनात. सोसायटीच्या मेंटेनन्सचा विषय काढून बसले.

मग सुनेने वही आणून दिली. "बाबा, रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या." पहिल्या रात्री 'वरण छान झाले होते' एवढे लिहिले आणि उरलेल्या दोन गोष्टींसाठी साडेअकरापर्यंत छताकडे बघत बसलो. सकाळी बायकोने वही वाचली. "आणि भाजीचं काय?" वही बंद झाली.

मुलाने पावले मोजणारे घड्याळ बांधले होते. रोज दहा हजार! हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलेमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला, हे वाचनात आले आणि मी ते घड्याळ नातवाच्या मनगटावर चढवले. तो दुपारी जेवायच्या आत माझा व्यायाम उरकतो.

राहता राहिला हास्यक्लब. तिथे बायकोने मला न विचारता नाव घातले.

ही कल्पना आपल्या मुंबईची. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन ती सुरू केली. आधी रोज एकेकाने विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचे. पंधरवड्यात बरे विनोद संपले आणि उरलेले चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. उगीच हसले तरी शरीराला फायदा होतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत खोटे हसताना खरे हसू कधी फुटते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पत्नी माधुरी योगशिक्षिका, त्यांनी प्राणायामाची जोड दिली. मग हे हसणे जगभर पसरले. विनोद वगळल्यावर! विनोदी लेखकांनी हा परिच्छेद वाचू नये.

कोथरूडच्या बागेतल्या आमच्या क्लबचे प्रमुख निवृत्त तहसीलदार आहेत. "सिंहहास्य!" असे ते अशा आवाजात फर्मावतात की समोर तलाठी असता तर त्याने घाबरून सातबारा काढून दिला असता. डोळे वटारायचे, पंजे उगारायचे, जीभ बाहेर काढून हसायचे. कवळीवाल्यांना जिभेपुरती सूट. मोबाईल हास्यात रिकामी मूठ कानाला लावून हसायचे असते. त्यात एका गृहस्थांना खरोखरच जावयाचा फोन आला, तेव्हा सबंध बागेत ते एकटे गंभीर होते. सगळ्यांत रंगते ते भांडण हास्य. एकमेकांवर बोट रोखून हसायचे. पार्किंगवरून बोलणे टाकलेले आमच्या सोसायटीतले दोन सभासद रोज समोरासमोर उभे राहून हा प्रकार अगदी जीव ओतून करतात. तेवढाच संवाद.

हर्निया असलेल्यांनी आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी यात पडू नये, असा नियम आहे. मी मोठ्या आशेने सोनोग्राफी करून घेतली. काही निघाले नाही.

एकदा पावसाचे निमित्त करून मी पांघरूण डोक्यावरून घेतले. पावणेआठला फोन, "का हो, आला नाहीत?" साडेआठला दुसरा. नऊला दारात बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, हातात गवती चहाचा थर्मास. नोकरीत असताना मी आठवडाभर तापाने पडलो होतो, तेव्हा ऑफिसातून फक्त कपाटाची किल्ली मागायला माणूस आला होता.

आमच्या शेवटच्या रांगेत एक गृहस्थ उभे असतात. पत्नी गेल्यापासून ते हसत नाहीत, नुसते येतात. तहसीलदार त्यांच्या नावापुढे रोज बरोबरची खूण करतात आणि शेवटच्या रांगेला हसण्यातून सूट असल्याचे जाहीर करतात. त्यांची झोप उडाली, जेवण सुटले, तेव्हा मात्र तहसीलदारांनी हसण्यावर नेले नाही. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक स्वतः लावून दिला, नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडेही सोबत गेले. तो क्रमांक आता हजेरीवहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलेला आहे: रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. खाली तहसीलदारांची सही. सहीशिवाय त्यांना कागद पुरा वाटत नाही.

तेव्हापासून मी खाडा करत नाही. परगावी जायचे तर लेखी अर्ज द्यावा लागतो. परवा मेहुण्याच्या साठीसाठी दोन दिवसांची रजा मागितली, तर अर्ज शेऱ्यासह परत आला: 'कारण समाधानकारक नाही. निमंत्रणपत्रिका जोडून फेरसादर करावा.'