प्लगइनपारखी

गोंदिया जिल्ह्यात धान पारखणारे गल्लोगल्ली सापडतील. प्लगइन पारखणारा तालुक्याच्या गावी एखादाच असतो, आणि तो एक पुरतो. झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर गेलं की त्याची खोली. दारावर पाटी : 'येथे वेबसाईट बनवून मिळेल'. पाटीवरचा एकही शब्द खोटा नाही. कधी मिळेल ते लिहिलेलं नाही, इतकंच.

त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात. आमच्या भागात त्यात विशेष काही नाही. तिशी ओलांडलेली, बीसीए झालेलं, मधली काही वर्षं पुण्यात नोकरी. गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेला आणि तिनेच परत आला. येताना पुण्याहून एक फिरती खुर्ची आणली आणि कशालाही 'आधी इव्हॅल्युएट करू' म्हणायची सवय आणली. खुर्चीचं एक चाक गेलं. सवय शाबूत आहे.

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस ही २००३ पासूनची फुकट मिळणारी प्रणाली. जगातल्या निम्म्याहून थोड्याच कमी वेबसाईटी तिच्यावर चालतात. डिसेंबर २०१८ मध्ये तिची ५.० आवृत्ती आली आणि तोवर सलग लिहायचा मजकूर ब्लॉकमध्ये लिहायचा झाला. परिच्छेद हा एक ब्लॉक, फोटो हा दुसरा, बटण हा तिसरा. या नव्या संपादकाला छपाईवाल्या गुटेनबर्गचं नाव दिलेलं आहे. मूळचे ब्लॉक कमी पडतात असं ज्यांना वाटतं, ते आपापले ब्लॉक प्लगइनमधून, म्हणजे वरून बसवायच्या जोडणीतून, देतात : स्लायडर, धावत्या आकड्यांचा काउंटर, उलटं चालणारं घड्याळ, गिऱ्हाइकांनी केलेल्या कौतुकाची चौकट. पुण्यात तयार होणारं स्पेक्ट्रा आहे, केडन्स आहे, स्टॅकेबल आहे, जनरेटब्लॉक्स आहे, आणि ही यादी वाढतच असते. भाऊचं सुख तिच्या वाढण्यात आहे.

नवा ब्लॉक प्लगइन आला की भाऊ त्या दिवशी जेवायला उशिरा जातो. लगेच इन्स्टॉल करणं त्याच्या लेखी उथळपणा. आधी शेवटचं अपडेट कधीचं, कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलेलं, किती ठिकाणी चालू आहे, हे तो वहीत उतरवतो. मग अभिप्राय. पाच तारेवाल्यांकडे तो बघतही नाही. "ते पोरीकडचे पाव्हणे असतेत जी. एक तारा देणाऱ्याचं ऐका, तो घर करून बसलेला असते." एक ताराही तो सरसकट मानत नाही. पैशांची आवृत्ती फुकट मिळाली नाही म्हणून रुसलेला कोण आणि अपडेटनंतर खरंच साईट कोसळलेला कोण, हे तो दोन ओळींत ओळखतो. ही त्याची नजर अस्सल आहे, ते मान्य करायला हवं.

नंतर येते सभ्यतेची परीक्षा. प्लगइन चालू केल्याबरोबर तो तुम्हाला उचलून आपल्या स्वागताच्या पानावर नेतो का? ईमेल मागतो का? डॅशबोर्डवर 'पाच तारे द्या'ची पट्टी लावतो का, आणि ती बंद केली तर उद्या परत येते का? नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेचा सेल टाकतो का? या प्रत्येक आगाऊपणाला भाऊ लाल शाईने फुली मारतो. घरी आलेल्या माणसाने पाणी पिण्याआधी विम्याची पॉलिसी काढली, तर त्याला पुन्हा बोलवायचं नाही, हा त्याच्या आईचा नियम त्याने इथेही लावलेला आहे.

पण त्याची खरी कसोटी देवनागरीची. त्यासाठी त्याने एक वाक्य घडवलं आहे : 'अर्जुनीच्या दुसऱ्या शेतकऱ्याने क्षणार्धात कोऱ्या पोत्यात हात घातला.' अर्थाला काही अर्थ नाही. सगळा जीव 'ऱ्या'त आणि 'र्धा'त आहे. हे वाक्य तो प्रत्येक ब्लॉकमध्ये टाकतो. बहुतेक ब्लॉक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून सजवलेले. त्यांनी मथळ्याच्या अक्षरांत ऐसपैस अंतर सोडलेलं असलं की आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या डोक्यावर खिडक्या पडतात. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत पाय घालतात. निवडलेल्या फॉन्टात देवनागरी नसली की ब्राउझर हाताशी येईल तो फॉन्ट लावतो, आणि देखणं पान एकदम सातबाऱ्याच्या नकलेसारखं दिसू लागतं. 'शेतकऱ्याने' धड उमटलं नाही तर भाऊ एकच शब्द बोलतो : "रद्द." अमेरिकेतल्या नामांकित प्लगइनवाल्यांना कल्पनाही नसेल की गोंदिया जिल्ह्यातल्या एका खोलीत ते 'ऱ्या'मुळे नापास झालेले आहेत.

वेगाची परीक्षा तो रेल्वेत घेतो. पॅसेंजरने दरेकशाकडे जायचं, सालेकसा मागे पडलं की फोनवर पान उघडायचं. पुढच्या बोगद्यात शिरण्याआधी पान पूर्ण दिसलं तर पास. यासाठी तो मुद्दाम जातो. एकदा टीसीने विचारलं, कुठे उतरायचं? भाऊ म्हणाला, "पान लोड झालं का उतरतो."

शेवटची परीक्षा सगळ्यांत निर्दय : प्लगइन बंद करून बघणे. पुष्कळ प्लगइन इथे उघडे पडतात. काहींचा मजकूर पानात जसाच्या तसा राहतो, फक्त साजशृंगार उतरतो. भाऊ त्यांना घरंदाज म्हणतो. काहींचे ब्लॉक पान उघडताना सर्व्हरवर तयार होत असतात, त्यामुळे प्लगइन गेला की वाचकाला तिथे रिकामी जागा दिसते. संपादकात आत जावं, तर 'या ब्लॉकला तुमच्या साईटवर आधार नाही' असा निरोप ठेवलेला. "लावताना कोणीबी लावते जी," भाऊ म्हणतो, "काढून पाहा म्हणा!" साईट बनवून देणाऱ्या शंभर जणांत हा प्रश्न विचारणारे चार निघणार नाहीत, आणि पुढे रडणारे उरलेल्यांचेच गिऱ्हाईक असतात.

इतकं करून तो निकाल देतो. निकाल नेहमी एकच : "बरा आहे. पण पुढच्या अपडेटपर्यंत थांबू." अर्ध्या वेळा त्याला शोध लागतो की प्लगइनमधली सोय मूळ संपादकातच आहे. दाबलं की उघडणारा तपशिलाचा ब्लॉक २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून तिथे बसलेला, आणि भाऊचे त्याच कामाचे अनेक प्लगइन पारखून झालेले. याचं त्याला दुःख नाही. तुलनेचा तक्ता तयार झाला ना!

या तक्त्यांच्या खाली एक राईस मिलवाले सेठ दबलेले आहेत. त्यांना एका पानाची साईट हवी : मिलचं नाव, फोन नंबर, नकाशा, तांदळाच्या चार जाती. मजकूर त्यांनी टायपिंगवाल्याकडून करून दिला, तो कृतिदेव या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये. भाऊने तो ब्लॉकमध्ये चिकटवला, तर 'भात'च्या जागी 'एच के के आर' अशी रोमन अक्षरं आली. युनिकोडमध्ये बदलायला पाच मिनिटं लागली असती. भाऊने त्यासाठीचे कन्व्हर्टर इव्हॅल्युएट करायला घेतले.

"बाबू, माह्या साईटचं का झालं?" सेठ एक दिवस वर चढून आले.

"पाहून राहिलो जी. नवीन काउंटर आला हाये. मिलचे क्विंटल धावताना दिसतेत."

"माहे क्विंटल धावत नाहीत, ट्रकमंदी बसून जातेत."

सेठ बसले. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ मोजून द्यावा लागतो, त्यामुळे त्यांची पारख पोटापाण्याची. पोत्यात नळी खुपसायची, मूठभर धान तळहातावर चोळायचं, दाणा दाताखाली धरायचा, ओल आणि तुकडा ओळखायचा, भाव सांगायचा. चहा येण्याआधी सौदा संपतो. त्यांनी भाऊची वही चाळली, लाल फुल्या पाहिल्या, 'ऱ्या'चं वाक्य दोनदा वाचलं.

"पारख चांगली आहे तुही," ते म्हणाले. "पण मी पोतं पाहतो अन् घेतो. तू पोतं पाहतोस अन् शिवून परत ठेवतोस."

भाऊने हे वाक्यही ब्लॉकमध्ये टाकून पाहिलं. कौतुकाच्या चौकटीत ते छान बसलं, असं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सेठच्या भाच्याने दरम्यान गूगल मॅप्सवर मिलची जागा नोंदवली, दोन फोटो टाकले, आणि छत्तीसगडच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. साईटवर अजून वर्डप्रेससोबत आपोआप येणारी 'हॅलो वर्ल्ड' ही एकच नोंद आहे. ती पान उघडताक्षणी दिसते, बोगद्याच्या आधी.

तेव्हा तुम्हाला पंधरा दिवसांत साईट हवी असेल, तर भाऊकडे जाऊ नका. पण कुणी तरी बनवून दिलेली साईट असेल, तिच्यावर तीस प्लगइन लादलेले असतील आणि कुठला काढला तर काय कोसळेल हे बनवणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर त्याच्याकडेच जा. जिल्ह्यात दुसरा माणूस नाही. फक्त मजकूर युनिकोडमध्ये घेऊन जा.