भिंतीतला एसी : मावळी नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : एक भिंत, शक्यतो स्वतःच्या मालकीची. दीड टनाचा विंडो एसी, एक. लोखंडी अँगलची चौकट. कटर मशीन, छिन्नी, हातोडा, ओळंबा, पाणसळ, टेप. सिलिकॉनच्या दोन ट्यूबा. पत्र्याचा एक तुकडा, ज्याचं काम पुढे कळेल. ‘होऊन जाईल’ असं न म्हणणारा गवंडी; तसा न मिळाल्यास नेहमीचा घ्यावा. चहा लागेल तसा.

लागणारा वेळ : गिऱ्हाइकाला सांगताना दोन तास.

ही कृती मावळातली आहे आणि घाटमाथ्याकडे सरकाल तशी ती कडक होत जाते. तळेगाव-वडगावला थोडंफार चुकलं तर भिंत माफ करते. कामशेत मागे पडलं, मळवली आली, की माफी बंद. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे पुण्याच्या पाच-सहा पट. तो वरून खाली पडतो हा पर्यटकांचा समज. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे की तो आडवा येतो, आणि कधी कधी दरीतून वर येतो.

एसी लागतो तो एप्रिल-मेचे काही आठवडे. पाऊस असतो चार महिने. तरीही भोक कुठे पाडायचं हे मे महिन्यातच ठरतं, कारण एसीची आठवण तेव्हाच होते. गिऱ्हाईक घामाघूम, पलंगाकडे बोट दाखवून म्हणतं, ‘इथं. डोक्यावर वारा आला पाहिजे.’ नवशिक्याने मान हलवावी आणि मुकाट्याने बाहेर जाऊन त्याच भिंतीची पाठ बघावी. शेवाळ कुठवर चढलंय, गिलाव्याला पोपडे कुठे आलेत, हे पाहून पलंगाची जागा बदलायला सांगावी. पलंग हलतो. भिंत हलत नाही. थंड हवेच्या ठिकाणी एसी कशाला, हा प्रश्न मात्र विचारू नये. आपल्याच पोटावर पाय येतो.

पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत वर्ज्य. वास्तुशास्त्रवाले नैर्ऋत्येबद्दल काय म्हणतात ते त्यांना म्हणू द्यावं. आपलं कारण मोसमी वारा हे आहे. दुसरी भिंतच मोकळी नसेल तर एकदा कार्ल्याला जाऊन यावं. तिथल्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला, आणि उजेडासाठी ठेवलेली ती नालाच्या आकाराची कमान एवढी मोठी की आपले दहा-वीस एसी तिच्यात सहज बसतील. पण दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडणाऱ्यांनी कमान उघडी टाकली नाही. तिच्यापुढे ओसरी खोदली, ओसरीपुढे दगडाचाच पडदा राखला. आपल्याला एवढं करायचं नाही. भोकावर फूट-दीड फूट पुढे आलेला छज्जा पुरे, आणि छज्जा नसेल तर साहित्यातला तो पत्रा इथे लागतो. पत्रा एसीच्या डोक्याला टेकवू नये. मध्ये हात जाईल एवढी फट ठेवावी. पत्रा थेट एसीच्या पेटीवर ठोकणारे महाभाग आहेत. पहिल्या सरीला त्यांच्या खोलीत झोपून पाहावं.

आता भोक. विंडो एसी साधारण २६ इंच रुंद, १७ इंच उंच. चौकटीसाठी आणि हातासाठी चारी बाजूंनी थोडी जागा जास्त धरावी. माप एसीचं घ्यावं, खोक्याचं नव्हे. खोक्याच्या मापाने पाडलेल्या भोकांतून एसी बसवल्यावरही मांजर ये-जा करू शकतं. भिंत विटांची असली तरी भोकावर लिंटेल टाकल्याशिवाय खालच्या विटा काढू नयेत. गवंडी म्हणेल, ‘एवढ्याश्या भोकाला काय लिंटेल? होऊन जाईल.’ काय होऊन जाईल ते तो सांगत नाही. तो पहिला घाव घालताना आपला श्वास अडकतो, ते स्वाभाविक आहे. लोणावळ्यात कैवल्यधाम १९२४ पासून श्वास कसा सोडावा हे शिकवत आहे, त्याचा लाभ घ्यावा.

मालकाचा बंगला सांभाळणारे मामा असतील तर ते याच वेळी येऊन विचारतील, ‘साहेब, दीड टन भिंतीला पेलंल का?’ हसू नये. प्रश्न योग्य आहे, शब्दच फसवा आहे. मशीनचं वजन साधारण पन्नास-साठ किलो, ते अँगल पेलतात. टन हे बर्फाचं माप. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढून बाहेर टाकणारा एसी एक टनाचा. दीड टनाचा म्हणजे दिवसाला सुमारे १३६० किलो बर्फाचं काम. मामांना हे सांगितल्यावर ते भिंतीकडे आणखी काळजीने बघतील. त्याला इलाज नाही.

खंडाळा-लोणावळ्याच्या जुन्या दगडी बंगल्यांत खरी परीक्षा असते. भिंत दीड फूट, कधी दोन फूट जाड. नवशिक्या खूश होतो, की एवढ्या जाड भिंतीत एसी कसा छान रुतून बसेल. बसतो, आणि तिथेच घात होतो. विंडो एसीच्या पेटीला दोन्ही अंगांना आणि डोक्यावर, मागच्या निम्म्या भागात, जाळीसारख्या चिरा असतात. मागचा पंखा त्या चिरांतून बाहेरची हवा आत ओढतो, तापलेल्या कॉइलवरून नेतो आणि पाठीमागून बाहेर फेकतो. पेटी भिंतीत रुतली की चिरा दगडाला भिडतात. हवा मिळत नाही, पाठीमागची गरम हवाच फिरून परत येते, कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. पुन्हा बंद. गिऱ्हाईक म्हणतं व्होल्टेज कमी आहे, शेजारी म्हणतो कंपनी खराब आहे, आणि दोष असतो भिंतीच्या जाडीचा. बाजूला चिरा नसलेली, पाठीमागूनच हवा घेणारी आणि सोडणारी, खास भिंतीसाठीची मशीन जगात असतात. आपल्याकडे दुकानात मिळतो तो खिडकीचा एसी, आणि भिंतीला आपण खिडकी समजायला लावतो. म्हणून चिरा सुरू होतात तिथपासून मागचा सगळा भाग भिंतीबाहेर यायलाच हवा. तेवढा येत नसेल तर भोक बाहेरच्या अंगाला तिरकं कापून पसरट करावं, भरपूर पसरट. तेही जमत नसेल तर गिऱ्हाइकाला स्प्लिट एसीच्या दुकानाचा रस्ता दाखवावा आणि चहा पिऊन निघावं.

उतार हा या कृतीतला सर्वांत छोटा आणि सर्वांत महत्त्वाचा जिन्नस. मावळातल्या कुठल्याही किल्ल्याच्या तटात जंग्या पाहाव्यात. शत्रूवर मारा करायची ती भोकं आतून बाहेर खाली उतरती असतात. एसीही तसाच, मात्र अगदी नाममात्र : पुढून मागे अर्धा ते एक सेंटिमीटर, बाहेरच्या बाजूला. उतार आत झाला तर एसीचं पाणी आणि आषाढाचं पाणी दोन्ही उशीवर येतं. पण ‘जास्त उतार म्हणजे जास्त सुरक्षित’ हेही खरं नाही. बऱ्याच मशीनमध्ये मागच्या पंख्याला कडेने एक कडं असतं. ते तळातलं साचलेलं पाणी उचलून गरम कॉइलवर उडवतं, म्हणजे कॉइल लवकर निवते आणि वीज थोडी वाचते. उतार फार दिला की पाणी आधीच वाहून जातं आणि कडं कोरडंच फिरत राहतं. उतार बरोबर असेल तर आतून छपछप असा आवाज येतो. हा आवाज ऐकून गिऱ्हाईक रात्री फोन करतं. सकाळी कोणीतरी हुशार नातेवाईक ड्रिल घेऊन तळाला भोक पाडून मोकळा होतो. त्या भोकातून पुढे गंज चढतो. छपछप चांगली, हे जाताना लिहून द्यावं, मोठ्या अक्षरात.

विजेबद्दल थोडक्यात. वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट, खरं अर्थिंग. मिक्सरच्या बोर्डावरून वायर ओढू नये. अर्थिंग आहे का, असं विचारल्यावर ‘असेलच’ असं उत्तर आलं तर ते नाही.

आता सर्व्हिसिंग. हे काम पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करायचं आणि करतात मार्चअखेर. चार महिने बंद बंगल्यात बसलेल्या एसीचं झाकण काढताना तोंड बाजूला ठेवावं. आत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं, पाल असते, मुंग्यांनी कॉन्टॅक्टच्या पट्ट्यांमध्ये वसाहत केलेली असते. प्लग काढावा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटर आपल्या पोटात झटका राखून असतो; तो रीतसर रेझिस्टरने उतरवल्याशिवाय तिकडे बोट नेऊ नये. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. जुलैत धुतला असेल तर वाळण्याची वाट पाहू नये, दिवाळी येईल.

कॉइल धुताना जेट पंप हातात आला की नवशिक्याच्या अंगात येतं. अॅल्युमिनियमच्या त्या पातळ पत्त्या आडव्या धारेने दुमडतात आणि हवेची वाट बंद होते. धार सरळ, लांबून, हलकी. मोटरला आणि पीसीबीला आधी प्लास्टिक गुंडाळावं. पीसीबी भिजल्यावर हेअर ड्रायर मागायला आत जाणाऱ्या पोराकडे घरातल्या बाईसाहेब ज्या नजरेने बघतात, ती टाळण्यासाठी एवढं पुरेसं आहे.

गॅसबद्दल एक पाठ तोंडपाठ करून ठेवावा. एसी थंड करत नाही म्हटलं की ‘गॅस संपलाय’ म्हणायची या धंद्यात रीत आहे. गॅस संपत नसतो. तो पेट्रोल नव्हे. बंद नळीत तोच तो फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती साबणाच्या फेसाने शोधावी, बुजवावी, नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी आणि मग वजन करून गॅस भरावा. विंडो एसीला गॅस भरायचा व्हॉल्व्हच बाहेर नसतो, नळी कापून जोडावी लागते, म्हणून हे काम शिकल्यावरच. हल्लीच्या पुष्कळ मशीनमध्ये आर-३२ असतो आणि तो थोडा पेट घेणारा आहे, तेव्हा आत गॅस असताना ब्रेझिंगची टॉर्च लावू नये. पण निम्म्या वेळा फिल्टर चोंदलेला असतो, एवढंच. फिल्टर धुवून गॅसचे पैसे घेणाऱ्यांविषयी इथे लिहीत नाही. ते स्वतःला ओळखतात.

शेवटचा भाग पावसाळ्याचा, आणि लोणावळ्यात खरी गंमत इथेच आहे. जुलैत बाहेर तेवीस अंश, भिंतींना ओल, कपाटातल्या लेदरच्या चपलांना हिरवी लव, चिक्कीचा पुडा उघडला की संध्याकाळपर्यंत चिकट. मालक शनिवारी येतात आणि ओल जावी म्हणून एसी लावतात. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींना कारखान्यातूनच २४ अंश लावून देण्याचा नियम आहे. खोली तेवीसवर, एसी चोवीसवर. कॉम्प्रेसर चालू व्हायचं काही कारणच उरत नाही. पंखा मात्र फिरतो आणि कॉइल आधी ओली झाली असेल तर तिच्यावरचं पाणी पुन्हा खोलीत फुंकतो. मालक सोळावर आणतात. मग कोरडं होतं खरं, पण चादरी, ब्लँकेटं, घोंगडी सगळी लागतात. यावर उपाय म्हणजे ‘ड्राय’चं बटण, आणि ते नसेल तर ‘एनर्जी सेव्हर’चं, ज्यात कॉम्प्रेसर थांबला की पंखाही थांबतो. चपलांसाठी कपाटात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावायची जुनी पद्धत अजूनही स्वस्त आहे.

खरं तर एसीचा जन्मच ओलीपायी झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरिअरने ती ओल काढायला यंत्र केलं. गारवा त्यातून मिळालेला जास्तीचा भाग. म्हणजे लोणावळ्याने एसी मे महिन्यासाठी घ्यावा आणि जुलैसाठी समजून घ्यावा. पाऊस नुसता छळतच नाही, हेही नोंदवायला हवं. वळवण आणि शिरवता तलावांत साठलेलं पाणी शंभराहून जास्त वर्षं घाटाखाली खोपोलीला उतरून मुंबईला वीज देतंय. त्या विजेवर गार झालेल्या खोल्यांतून कंटाळून मुंबईकर लोणावळ्याला येतात आणि विचारतात, ‘एसी रूम आहे का?’

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास एसी चालवावा, म्हणजे मोटर जाम होत नाही आणि बुरशी मर्यादेत राहते. हे काम मामांना समजावून सांगावं. ते ऐकून घेतील, मान डोलावतील आणि मग सांगतील की रिमोट साहेबांच्या गाडीत राहिला, साहेब घेऊन गेले दादरला.