पिवळं व्हायचं कुणी?

आषाढात आमच्या गल्लीत सात जण पिवळे पडले. पहिल्याला वाटलं पित्त झालं. दुसऱ्याला वाटलं आखाडाचं मटण बाधलं. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं एकाला उन्हात उभं करून त्याची पापणी खाली ओढली आणि कावीळ जाहीर केली. आमच्याकडं निदान मेडिकलवाला करतो. डॉक्टर त्यावर सही करतात.

सातवा रुग्ण एका सदस्यांचा मेहुणा निघाला, त्यामुळं नगरपंचायत दुसऱ्याच दिवशी गल्लीत आली. नळाखाली बाटली धरली, चिठ्ठी चिकटवली, फोटो काढला. फोटोत बाटलीपेक्षा सदस्य मोठे आलेत. बारा दिवसांनी अहवाल आला : पाणी पिण्यास योग्य. तो नोटीसबोर्डावर लागला, व्हॉट्सॲपवर फिरला आणि ज्यांचं बिलिरुबिन अजून उतरलं नव्हतं त्यांनाही वाचून दाखवण्यात आला.

गंमत अशी, की अहवाल खोटा नव्हता. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे बहुतेक वेळा हेपेटायटिस ए किंवा ई. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागतो. म्हणजे आषाढात पिवळा झालेला माणूस जे पाणी प्याला ते ज्येष्ठातलं. ते केव्हाच मोरीतून गटारात आणि गटारातून पुढं गेलं. बाटलीत सापडलं ते महिन्याभरानं आलेलं भलतंच पाणी. चोर खोली सोडून गेल्यावर तिथं आलेल्या नव्या भाडेकरूची झडती घ्यावी आणि 'इसम सज्जन आहे' असा दाखला द्यावा, तसा हा कागद. त्यात नेहमीच्या तपासणीत शोधतात ते कोलिफॉर्म जिवाणू. विषाणूला त्या बाटलीत कुणी विचारतच नाही.

हे काही आमच्याच गावचं शहाणपण नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेतून उलटं सरकत वजीराबादला पाणी उपसतात तिथपर्यंत आलं. तिथल्या लोकांनी घाईनं क्लोरीन वाढवला. विषमज्वर, हगवण फारशी वाढली नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार माणसं पिवळी झाली. जिवाणू मेले होते, विषाणू तेवढ्यावर मरत नाही, त्यातून पाणी गढूळ असलं तर मुळीच नाही. पुढं कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं की तो हेपेटायटिस ई होता. आपल्याकडं इचलकरंजीनं २०१२ साली काविळीची साथ भोगली. हा ई बहुतेकांना महिनाभर उसाचा रस पाजून सोडून देतो. पण बाई गरोदर असेल आणि शेवटचे तीन महिने असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शंभरात वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. आमच्या गल्लीत तेव्हा गरोदर कुणी नव्हतं. नगरपंचायतीच्या नियोजनाचा एवढा भाग बरोबर जमला म्हणायचा.

आम्ही ग्रामपंचायत होतो तेव्हा पिवळ्या रंगाला गावात मान होता. वर्षातून दोनदा आरोग्य खात्याची माणसं येऊन विहीर, टाकी, गळती, पावडरीचा साठा बघायची आणि कार्ड द्यायची. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक, मधलं पिवळं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. आम्हाला पिवळं मिळायचं. वर्गातला तो पोरगा असतो ना, नापास होत नाही आणि ज्याचं प्रगतिपुस्तक बापही उघडत नाही, तसं आमचं गाव. मग दहाएक वर्षांपूर्वी तालुक्याची गावं धडाधड नगरपंचायती झाली, त्यात आमचंही झालं. सरपंचाचे नगराध्यक्ष झाले, घरपट्टी वाढली, कार्ड गेलं. पाणी होतं तेच राहिलं. पलीकडच्या वाडीला जलजीवन मिशन लागू आहे. तिथं पाच बायकांना पाणी तपासायची पेटी दिली, शिकवलं. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झालेल्या त्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर, नियमित, आणि ठरलेल्या मानकाचं पाणी असं तिन्ही लिहिलंय. मोजायला सोपे म्हणून नळ मोजतात. पण निदान त्या बायकांकडं पेटी तरी आहे. आम्ही शहर झालो, आमच्याकडं वॉलमन आहे.

वॉलमन हा गावातला सगळ्यात वजनदार माणूस. मुख्याधिकारी बदलतात, तो बदलत नाही. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे त्याच्या चावीवर आणि थोडं कुणाच्या घरी लग्न आहे त्यावर ठरतं. सात जण पिवळे झाल्यावर मी एक ओटी टेस्टची बाटली मागवली. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. मानक सांगतं, शेवटच्या नळालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक पाहिजे. आमचं घर लाइनीच्या टोकाला. थेंब टाकले. पाणी नितळ. आणखी दोन टाकले. पाणी माझ्याकडं बघत राहिलं.

पाणी पिवळं झालं नाही, म्हणूनच माणसं झाली असणार. नळी तशीच घेऊन वॉलमनकडं गेलो.

"दादा, क्लोरीन येत नाही आमच्याकडं."

"टाकीखाली या, मास्तर. तिथं पिवळं जर्द येतं."

"पण आम्ही टाकीखाली राहत नाही."

"मग त्याला मी काय करू? तुमच्यापोतर येईस्तोवर उडून जातं ते. वास आला की तुम्हीच बोंबलता, पावडर जास्त झाली म्हणून."

हे मात्र खरं. पाण्याला पावडरीचा वास आला की गावात तक्रार होते, नाही आला की कुणी करत नाही. गढूळ आलं तर फोटो, कमी आलं तर मोर्चा. स्वच्छ दिसणारं, बिनवासाचं, पोटभर आलेलं पाणी आमच्या हिशोबानं शुद्ध.

त्यानं मला पावडरीची खोलीही दाखवली. गोणी उघड्या तोंडाच्या, भिंतीला ओल. ताज्या ब्लीचिंग पावडरीत तिसरा हिस्सा उपयोगाचा क्लोरीन असतो. तोंड उघडं, जागा ओली, पावसाळा चालू, की तो हळूहळू उडून जातो आणि गोणीत राहतो चुना. पावडर चांगली असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅमच्या आतबाहेर पुरते. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. आमच्याकडं मापाला डालड्याचा जुना डबा आहे. अर्धा तास थांबायची पद्धत नाही, कारण खालच्या आळीत बायका हंडे घेऊन बसलेल्या असतात आणि वॉलमनला घरी जायचं असतं. गावाला चुना लावतात हे नुसतं बोलायचं वाक्य आहे असं मी इतके दिवस समजत होतो.

तरीही खरी मेख पावडरीत नाही, वेळेत आहे. आमच्याकडं दिवसाआड नळ येतात, उन्हाळ्यात चार दिवसांआड. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो आणि फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडतं. त्याला गळती म्हणतात, ती कागदावर असते. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरचं आत शोषतो. त्याला काही म्हणत नाहीत, ते कागदावर नसतं. बाहेर काय आहे? गटार. कारण आमची लाइन गटारातूनच नेलीय. रस्ता उकरायला परवानगी लागते, गटार आयतं उकरलेलं असतं. वर नळ आले रे आले की अर्धी गल्ली नळाला मोटार लावते, म्हणजे पाइपाला जे सुचलं नसेल तेही आम्ही ओढून काढतो. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस पूर्वी हुशार समजत. आम्ही एका गावात राहून बारा गल्ल्यांचं पितो.

यावर साधं म्हणून सांगतात की पहिलं पाणी सोडून द्यावं. पाऊण तास नळ येणार, त्यातलं दहा मिनिटांचं पाणी सोडायचं कुणी? ज्यानं सोडलं त्याच्या पिंपाला तळ दिसतो. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, तेही लहानच गाव. पाइप कायम भरलेला असला की बाहेरचं आत यायला वाव राहत नाही आणि मीटर असलं की माणूस तोटी बंद करायला शिकतो. आमचे सदस्य तिथं अभ्यास दौऱ्याला जाऊन आले. येताना महाबळेश्वर केलं. दौऱ्याच्या अहवालात स्ट्रॉबेरीचा उल्लेख नाही, मीटरचाही नाही. मीटर म्हटलं की मतं जातात आणि गटारातला पाइप मतदान करत नाही.

मग गाव करतं काय? जार आणतं. वीस लिटर, गार. सकाळी टेम्पो हॉर्न वाजवत फिरतो आणि नगरपंचायतीच्या दाराशी सगळ्यात आधी थांबतो. तिथं सहा जार उतरतात. ज्या टेबलावर 'पाणी पिण्यास योग्य'चा कागद जावक होतो त्याच टेबलाच्या कडेला एक उपडा असतो. सीलबंद बाटलीच्या पाण्याला मानक आहे, परवाना आहे. जारला सील नसलं की ते नुसतं 'थंड पाणी' होतं आणि थंडपणाची तपासणी करणारं खातं अजून निघालेलं नाही. प्लांटवाल्याची बोअर गटारापासून किती लांब आहे हे मी पावलांनी मोजलं. तेवीस.

ज्यांना जार परवडतो त्यांच्याकडं मग आरओवाला येतो. पेनासारखं यंत्र नळाच्या पाण्यात बुडवतो, आकडा येतो ४२०, आणि घरातल्या बाईचा चेहरा पडतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मानकानं ५०० पर्यंत चांगलं धरलंय. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या अकोला-बुलढाण्याच्या माणसाला ४२० दाखवलं तर तो घर विकून इकडं राहायला येईल. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं होतं की ५०० च्या आत आरओ वापरायलाच बंदी करा. पण ४२० आकडाच तसा बदनाम. त्यात जंतू मोजलेच जात नाहीत; विषमज्वराचं पाणीही त्या पेनाला आवडू शकतं. एवढ्यानं गिऱ्हाईक घाबरलं नाही तर तो दुसरं यंत्र काढतो. दोन ग्लासांत लोखंडी कांड्या घालून वीज सोडतो. नळाचं पाणी तपकिरी, चिखल. आरओचं तसंच नितळ. तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असतात त्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून कांडी झिजते. शेजारच्या काकूंनी अठरा हजारांचं मशीन घेतलं. सासू गेल्यावर वाटणीत आलेली पाटली मोडून.

त्यांची सासू चौपदरी फडक्यानं पाणी गाळायची. त्या काळी नारू होता. पायविहिरीत पाय बुडवून पाणी भरायचं, त्यातून पसरायचा. फडकी वाटली, पायऱ्या बंद केल्या, विहिरींत औषध टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. काविळीच्या विषाणूला मात्र फडकं म्हणजे वेशीची कमान, तो हात जोडून आत येतो. तो उकळल्यानं मरतो. उकळायला गॅस लागतो, आणि गार करायला फ्रीज लागतो, आणि एवढं करून ते पाणी जारसारखं लागत नाही.

आमचे सातही जण बरे झाले. गुण कुणाचा यावर मात्र गल्लीत दोन तट आहेत. काकूंचा थोरला कावीळ उतरवणाऱ्या बाबांकडं गेला होता, मंगळवार-शनिवार गर्दी असते. मीही बरोबर गेलो. बाबा हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतात आणि चुन्याच्या निवळीनं धुतात. धुतलं की ताटात पाणी पिवळं होतं. कावीळ असो नसो, साल आणि चुना भेटले की होतंच. काकू माझ्या कानाशी आल्या.

"बघा भाऊजी, तुमच्या त्या नळीत इतके थेंब घालून काही येईना. इथं कसं झर्रकन पिवळं आलं."

मी बाबांना नुसतं विचारलं, हे पाणी नळाचं का?

"नाही हो," बाबा म्हणाले. "जारचं. नळाच्या पाण्यानं गुण येत नाही."